भाड्याची लढाई आणि किनाऱ्याचा कायदा

तळ्याजवळच्या कुडा लेण्यांतून राजपुरीची खाडी दिसते. तिथल्या शिलालेखांत कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या दानाची नोंद आहे. घाटावरचा व्यापारी या खाडीशी बांधलेला होता, इतकी ही जलवाट जुनी. आगबोटी आल्या आणि तिला मालक मिळाले.

आगबोटीच्या धंद्यात नवखा उतरला की जुनी कंपनी भाडे पाडते. तो बुडाला की पुन्हा चढवते. १८९३ च्या सुमारास जमशेटजी टाटांनी चीन-जपानकडे सूत नेण्यासाठी जपानी बोटी मिळवल्या, तेव्हा पी. अँड ओ. कंपनीने टनाला १९ रुपयांचे भाडे दीड रुपयावर आणले. टाटांची लाइन बंद पडताच ते पुन्हा चढले. स्वस्ताईला भुललेले व्यापारी आधीच तिकडे वळले होते. त्यांना दोष तरी कसा द्यावा?

दुसरे हत्यार याहून बेमालूम. वर्षभराचा सगळा माल ठरलेल्या कंपन्यांनाच दिला, तर भाड्याचा काही भाग वटाव म्हणून परत मिळे, पण काही महिने थांबून. मधल्या काळात एक गोणी जरी दुसऱ्या बोटीत चढली तरी साठलेला सगळा वटाव बुडे. ग्राहकाचेच पैसे ओलीस ठेवून ग्राहकाला बांधायचे, असा हा प्रकार.

१९१९ साली सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सिंदिया कंपनी काढली. तिच्या विरुद्ध रंगून-मुंबई तांदळाचे भाडे टनाला १८ रुपयांवरून ६ वर आले. सिंदिया बुडाली नाही, पण १९२३ मध्ये तिला करार करून आपल्या जहाजांवर मर्यादा घालून घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी हेडलॅम समितीने किनाऱ्यावरचा व्यापार देशी जहाजांसाठी राखावा असे सुचवले. सरकार हलले नाही. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात दोन विधेयके मांडली, एक किनारा राखण्याचे, दुसरे या वटावावर बंदीचे. दोन्हींचा कायदा झाला नाही. सरकार आपण तटस्थ असल्याचे सांगे. टपालाचे कंत्राटी पैसे मात्र विलायती कंपन्यांनाच मिळत. ही तटस्थता मला कधीच पटलेली नाही.

कोकणात उतारूंची ने-आण मुख्यतः बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या हाती होती. गिऱ्हाइकाला दुसरा रस्ताच नसे. स्वदेशीच्या लाटेत तिच्यासमोर सहकारी कंपनी उभी राहिली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी संतांची नावे बोटींना होती. ‘माझी’ या शब्दात जे आहे ते भाड्याच्या तक्त्यात सापडत नाही.

पुढे बॉम्बे स्टीम विकत घेतली ती सिंदियानेच. मोठ्या कंपनीच्या भाडेपाडीने पोळलेली कंपनीच कोकण किनाऱ्यावरची मोठी कंपनी झाली. स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावरचा व्यापार भारतीय जहाजांना राखीव झाला, म्हणजे हाजींची अर्धी मागणी पुरी झाली. पण किनारा कोणाचा, हा प्रश्न सुटला म्हणून तिकीट कोण ठरवणार, हा प्रश्न सुटत नाही. त्याची दखल देशाच्या कायद्याने १९६९ च्या मक्तेदारी कायद्यात घेतली. स्पर्धकाला संपवण्यासाठी खर्चाखाली विकणे हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असे स्पर्धा कायद्याने २००२ मध्ये लिहिले. तोवर कोकणच्या बोटी कधीच बंद झाल्या होत्या.