विजेच्या मीटरचा काटा आणि खरा विद्युत्दाब

एकाच इन्व्हर्टरच्या एकाच प्लगला दोन मीटर लावले. एकाने १८० व्होल्ट दाखवले, दुसऱ्याने २३०. दोन्ही मीटर नवे आहेत व दोन्ही निर्दोष आहेत. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

हा प्रश्न येथे मांडण्याचे कारण असे की, आपल्या समाजातील अनेक मुले दहावीनंतर आय.टी.आय.ची वाट धरतात, वायरमन होतात आणि त्यांपैकी काही आखातात नोकरीला जातात. त्यांच्या हातातले पहिले हत्यार टेस्टर आणि दुसरे मल्टिमीटर. त्या मल्टिमीटरने दाखवलेला आकडा कसा तयार होतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते समजण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

आपला ठाणे-कल्याणचा टापू विजेच्या इतिहासात मागे नव्हता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवर चालणारी पहिली गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे १९२९ मध्ये जी.आय.पी. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे आपले वीजघर सुरू केले. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र तर १९१५ पासूनच चालू होते. वीजघरात तयार होई ती एसी वीज, गाडीला लागे डीसी. रूपांतर मधल्या उपकेंद्रांत होई. मुंबईच्या लोकलगाड्यांची डीसी एप्रिल २०१६ मध्ये कायमची संपली. तोवर जवळजवळ नव्वद वर्षे या लोहमार्गाच्या कडेने विजेचे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदत होते आणि दोन्ही मोजावे लागत होते.

डीसी मोजणे सोपे. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तारेचे हलके वेटोळे टांगायचे व त्याला काटा जोडायचा. प्रवाह जितका, तितका काटा सरकतो. एडवर्ड वेस्टन यांनी १८८८ च्या सुमारास या मीटरला पक्के, भरवशाचे रूप दिले. परंतु हाच मीटर एसीला लावला तर काटा शून्यावर थरथरत राहतो. एसी सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. काट्याला जितका धक्का उजवीकडे बसतो तितकाच डावीकडे.

मग एसीचा दाब किती म्हणायचा? घरातली वीज क्षणोक्षणी शून्यापासून सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते आणि उतरते. या प्रश्नाचा निकाल शेवटी दिव्याने लावला. जी एसी वीज एखाद्या दिव्याची तार २३० व्होल्ट डीसीइतकीच तापवते, तिचा दाब २३० व्होल्ट मानायचा. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून प्रत्येक क्षणाच्या दाबाचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. यालाच आर.एम.एस. किंवा परिणामी दाब म्हणतात. विद्यार्थ्यांनी सूत्र पाठ करण्यापूर्वी तापणारी तार डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे सूत्र विसरायला होणार नाही.

आरंभीचे मीटर याच अर्थाने प्रामाणिक होते. १८८० च्या दशकात कॅप्टन कार्ड्यू यांनी केलेल्या व्होल्टमीटरमध्ये विजेने तार तापे, लांब होई आणि काटा ओढला जाई. नंतर लोखंडी पात्याचे मीटर आले. त्यांतही ओढ प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे असते. जुन्या इमारतीच्या मीटरखोलीत धूळ खात बसलेला असा गोल मीटर पुष्कळदा नव्या चकचकीत डिजिटल मीटरपेक्षा खरे बोलतो, हे ऐकून आश्चर्य वाटेल.

तडजोड आली ती सोयीसाठी. ब्रिटिश पोस्ट खात्यातील डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये अ‍ॅव्होमीटर बाजारात आला: अँपिअर, व्होल्ट व ओहम एकाच पेटीत. अशा पेटीत एसी मोजण्यासाठी तिला आधी एका दिशेला वळवून मग वेस्टनच्या जातीच्या वेटोळ्यात सोडू लागले. आता काटा हलतो खरा, पण तो दाखवतो साधी सरासरी. २३० व्होल्टच्या शुद्ध तरंगाची अशी सरासरी २०७ भरते. कारखानदारांनी युक्ती केली. २०७ च्या जागी पट्टीवर २३० छापले. म्हणजे प्रत्येक वाचनाला मुकाट्याने १.११ ने गुणले. आपल्या नाशिकच्या मोटवाने कंपनीच्या काट्याच्या मल्टिमीटरवर महाराष्ट्रातील कितीतरी विद्यार्थ्यांनी प्रयोग केले, तेही याच पंथातले. यात फसवणूक नव्हती. वीजघरातून येणारा तरंग शुद्ध होता, तोवर हिशेब चोख बसत होता.

तो शुद्ध राहिला नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायरिस्टर आला, त्याच्या मागोमाग डिमर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, संगणक, इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे आले. ही उपकरणे तरंग कापतात, चेपतात किंवा त्याचे टोक उचलतात. कापलेल्या तरंगाला १.११ चा गुणक लागू पडत नाही.

२००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन कडक होते, तेव्हा घरोघरी इन्व्हर्टर बसले. स्वस्त इन्व्हर्टरचा तरंग गोलाईचा नसून पायऱ्यांचा असतो. समजा, त्याची उंची ३२५ व्होल्ट आहे आणि निम्मा वेळ तो शून्यावर असतो. खरा परिणामी दाब बरोबर २३० येतो. सरासरीवर चालणारा साधा मीटर मात्र १६२ गुणिले १.११, म्हणजे १८० दाखवतो. आता दुरुस्तीला आलेला मुलगा काय करील? दाब कमी आहे असे समजून तो आतला स्क्रू फिरवील आणि मीटरवर २३० दिसेपर्यंत पायऱ्यांची रुंदी वाढवील. त्या वेळी खरा दाब २६० च्या घरात गेलेला असेल. त्या घरातला पंखा व फ्रीज तापत राहणार. शिवाय दोष कोणाच्या माथी बसेल, हे सांगायला नको.

यावरचा इलाज म्हणजे ट्रू आर.एम.एस. मीटर. १९७० च्या दशकात वर्ग, सरासरी व वर्गमूळ हे तिन्ही हिशेब विजेच्या मंडलातच करणाऱ्या चिप निघाल्या. अमेरिकेतील फ्लूक कंपनीचा १९८२ चा ८०६०-ए हा हातात मावणारा मीटर अशा जातीचा होता. काही प्रयोगशाळीय मीटर आजही कार्ड्यूच्याच मार्गाने जातात. विजेने बारीकसा रोधक तापवून त्याचे तापमान मोजतात. आजकालचे बरेच मीटर तरंगाचे सेकंदाला हजारो नमुने घेतात व आकडेमोड करतात. मार्ग तीन, पण मोजतात तीच उष्णता.

तथापि, या मीटरांनाही मर्यादा आहेत आणि दुकानदार त्या सहसा सांगत नाही. तरंगाचे टोक परिणामी किमतीच्या तिपटीहून उंच असेल तर बरेच मीटर चुकू लागतात. फार वरच्या वारंवारतेलाही ते कमी दाखवतात. अनेक मीटर एसीच्या खुंटीवर डीसीचा भाग गाळून टाकतात, म्हणून अर्धाच तरंग सोडणाऱ्या मंडलात खऱ्या नावाचा मीटरही अपुरा आकडा देतो. डिजिटल पडद्यावर दशांशचिन्हापुढे दोन आकडे दिसतात, म्हणून मीटर अचूक समजू नये.

दाबाइतकेच हे प्रवाहालाही लागू आहे. नवरात्रात टेंभी नाका उजळतो, तेव्हा हजारो एलईडी दिवे लागतात. तीन फेजवर दिवे सारखे वाटले की न्यूट्रलमधून प्रवाह जवळजवळ जात नाही, असे आम्ही वर्गात शिकवतो. गोलाईच्या तरंगाला ते खरे आहे. पण अशा उपकरणांनी निर्माण केलेले १५० आवर्तनांचे तरंग तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये येऊन एकमेकांना छेदत नाहीत, त्यांची बेरीज होते. साधा चिमटा-मीटर हा टोकदार प्रवाह बराच कमी दाखवतो, आणि न्यूट्रलची वायर मात्र हाताला चटका देते.

आपल्या मीटरची जात ओळखायची असेल तर जाणत्या वायरमनच्या देखरेखीखाली डिमरवर तारेचा जुना बल्ब लावावा. डिमर तरंगाचा नेमका अर्धा भाग कापत असताना बल्बवरचा खरा दाब १६३ व्होल्टच्या आसपास असतो. सरासरीवाला मीटर तेथे ११५ दाखवील.