मुशी आणि पाकट
मुशी (मोरी) आणि पाकट यांना परस्परांशी नाते नसलेले मासे मानणे पटत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर दोन्ही शेजारी पडलेले असले, तर एक लांबट आणि दुसरा थाळीसारखा चपटा दिसतो खरा. पण सुरी घातली की सुरमईचा कडक काटा कुठे लागत नाही. लागते ती आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तशी कूर्चा. कल्ल्यांवर झाकणही नसते, नुसत्या पाच उघड्या फटी असतात: मुशीच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना, पाकटाच्या अंगाखाली. वर्गीकरण या फटींवर भिस्त ठेवते, आकारावर नाही. म्हणूनच मुशीसारखा दिसणारा गिटारमासा, फटी खाली असल्यामुळे, पाकटांच्या गोटात जातो. मुशी पिल्ले घालते, मग ती डॉल्फिनच्या जवळची का नाही, असा आक्षेप रास्त आहे. आपल्याकडच्या मुशीचा, स्कोलिओडॉनचा, गर्भ तर वारेसारख्या अवयवातून आईकडून पोषण घेतो! तरीही ती दूध पाजत नाही, श्वासासाठी वर येत नाही; पिल्ले घालण्याची रीत दोन्ही घराण्यांत स्वतंत्रपणे आली. सुरमई लाखो अंडी पाण्यात सोडते, मुशीला मात्र एका खेपेला मोजकीच पिल्ले होतात. गाभण मुश्या जाळ्यात जाऊ लागल्या की ती तूट लवकर भरत नाही.