सायन्स काँग्रेसचा मांडव कोणी घालायचा?

लासलगावात कांद्याचा लिलाव बघायला आलेल्या पाहुण्याला फक्त बोली दिसते. हमाल, मापारी, रात्रीपासून लागलेली ट्रॅक्टरची रांग दिसत नाही. विज्ञान परिषदेचंही तसंच.

इंडियन सायन्स काँग्रेस उभी राहिली सायमन्सन आणि मॅकमोहन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांच्या खटपटीतून. पहिलं अधिवेशन जानेवारी १९१४, कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी, अध्यक्ष आशुतोष मुखर्जी. माणसं १०५, निबंध ३५. (आपल्याकडं सोसायटीच्या सभेला यापेक्षा गर्दी होते!) १९२० ला प्रफुल्लचंद्र रे यांच्या अध्यक्षतेखाली ते नागपूरला भरलं.

पुढे पसारा वाढला. यजमान विद्यापीठ बदलत राहिलं. राहणं, जेवणं, मांडव सगळं त्याच्या गळ्यात, आणि पैशाचा आधार केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा. जानेवारी २०२३ ला १०८ वं अधिवेशन पुन्हा नागपुरातच, तुकडोजी महाराज विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात. त्यात मुलांची, महिलांची आणि शेतकऱ्यांचीही वेगळी काँग्रेस होती.

त्याच वर्षी विभागानं आर्थिक गैरव्यवहाराचं कारण सांगून हात काढून घेतला. संघटनेनं आरोप नाकारले, कोर्टात गेली. जानेवारी २०२४ ला अधिवेशन भरलंच नाही.

२०१५ ला मुंबईत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, तेव्हा आपण हसलो. हसावंच. पण भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ विकिरण केंद्र २००२ पासून आपल्याच गावात आहे, कांद्याला कोंब फुटू नये म्हणून. ते कसं चालतं हे आपल्या शेतकऱ्यानं शास्त्रज्ञालाच थेट विचारायचं, तर आता कुठल्या मांडवात?

नागपूरला कुणी जाऊन आलं असेल तर सांगा.