ओहम मास्तरांचा वारसा

घरातल्या यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा शोधकांची नावे सांगतात आणि थांबतात. यंत्र चालू कोणी केले हे आपल्याला कळते. पण ते बंद पडल्यावर त्याचे दुखणे कोणी आणि कसे ओळखले, याची बखर सहसा कोणी लिहीत नाही. दिवाळीच्या तोंडावर, पडदे-चादरींचा डोंगर पुढ्यात असताना धुण्याचे यंत्र रुसून बसले, म्हणजे गृहिणीला शोधकाची आठवण होत नाही; तिला वायरमन हवा असतो. म्हणून वाचकहो, यंदा या दुसऱ्या इतिहासाविषयी चार शब्द लिहावेत असे योजिले आहे.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल गावी जोसेफिन कॉक्रेन नावाची एक सधन गृहिणी राहत असे. नोकरांच्या हातून आपल्या उंची चिनी भांड्यांचे टवके उडतात, याचा तिला संताप येई. 1883 साली पती वारला आणि मागे कर्ज राहिले. तेव्हा हौसेची कल्पना पोटापाण्याचा उद्योग होऊन बसली. 28 डिसेंबर 1886 रोजी तिला भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रे झळकली. मौज अशी की, तिचे मूळ यंत्र हाताने फिरवायचे होते. त्यात बिघाड झालाच तर तो डोळ्यांना दिसे. दांडा वाकला, चाक अडकले. लोहाराने पाहिले की समजले.

पुढे वीज आली आणि बिघाड अदृश्य झाला. शिकागोच्या हर्ली कंपनीच्या ‘थॉर’ या धुण्याच्या यंत्रासाठी आल्वा फिशर यांना 1910 साली पेटंट मिळाले. विजेवर चालणारी यंत्रे त्याआधीही होती, म्हणून पहिलेपणाचा मान कोणाचा हा वाद बाजूस ठेवू. महत्त्वाचे हे की, जिथे पाणी सांडते तिथेच आता वीज खेळू लागली. तुटलेली तार आणि अखंड तार बाहेरून सारख्याच दिसतात. न दिसणारे दुखणे ओळखायचे कसे?

त्याचे उत्तर एका शाळामास्तराने कधीच देऊन ठेवले होते, आणि मी स्वतः त्याच पेशातला असल्यामुळे हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनीतील एका कुलपे करणाऱ्या कारागिराचा मुलगा. बापाने स्वतः शिकून मुलांना गणित शिकविले. ओहम कोलोन शहरी शाळेत शिकवीत असे. विजेचा दाब, प्रवाह आणि तारेचा रोध यांचे नाते त्याने प्रयोगांनी शोधले आणि 1827 साली ग्रंथरूपाने मांडले. मायदेशी प्रथम त्याचे स्वागत थंडच झाले. 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले, तेव्हा कुठे त्याची कदर झाली. आज दहावीच्या मुलांना आम्ही फळ्यावर लिहून देतो ते हेच सूत्र.

परंतु सूत्र खिशात घालून दारोदार जाता येत नाही. त्यासाठी उपकरण लागते. ब्रिटिश पोस्ट खात्यात डोनाल्ड मॅकेडी नावाचे एक अभियंता होते. दुरुस्तीला निघताना तीन मापांसाठी वेगवेगळी उपकरणे बाळगावी लागत, याचा त्यांना कंटाळा आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ही तिन्ही मापे एकाच पेटीत मोजणारे त्यांचे ‘अ‍ॅव्होमीटर’ 1923 साली बाजारात आले आणि थेट 2008 पर्यंत तयार होत राहिले. वायरमनच्या पिशवीतला आजचा छोटा मीटर त्याच कुळातला.

आता हा मीटर काय सांगतो पाहा. यंत्रातला पाणी तापविणारा हीटर 230 व्होल्टवर 2000 वॉटचा असेल, तर त्याचा रोध सुमारे 26 ओहम भरला पाहिजे. वीज बंद करून, तारा सोडवून मोजावे. 26 च्या आसपास आकडा आला तर कॉइल अखंड आहे. काटा हललाच नाही तर ती तुटली आहे. नाडी पाहून वैद्याने ज्वर सांगावा, तसेच हे.

1937 साली अमेरिकेत बेंडिक्सचे स्वयंचलित यंत्र आले. धुणे, खळबळणे, पिळणे हा सारा क्रम ते आपण होऊन करी. त्यामुळे निदानाला एक नवा साक्षीदार मिळाला, तो म्हणजे वेळ. पाणी भरतानाच अडले तर झडप पाहावी, पाणी बाहेर जाईना तर पंप, आणि मुळात सुरूच होईना तर दाराची कळ आधी तपासावी.

आमच्या शेजारच्या काकूंकडे गेल्या वर्षी असेच झाले. यंत्र पाणी तापवू लागले की साऱ्या घराची वीज जाई. आलेल्या पहिल्या कारागिराने हीटर मोजला. आकडा बरोबर आला. तो म्हणाला, “काकू, हीटर चांगला आहे. अर्थिंगची तार काढून टाकतो, म्हणजे वीज जायची नाही.” काकूंनी त्याला नको म्हटले. दुसरा एक वयस्क वायरमन आला. त्याने हीटरची दोन टोके मोजून समाधान मानले नाही. एक टोक आणि हीटरचे बाहेरचे धातूचे कवच यांच्यामधले माप घेतले. तिथे मीटरने काहीच दाखवायला नको होते, आणि आकडा आला! कॉइल अखंड होती, पण आतले आवरण फुटून वीज पत्र्यात झिरपत होती.

अर्थिंगची तार काढली असती, तर वीज जाणे थांबले असते हे खरे. पण बिघाड तसाच राहिला असता. गेली असती ती फक्त त्याची खबर. पुढची वाट ओल्या हाताने पत्र्याला टेकणाऱ्या माणसाच्या देहातूनच गेली असती.

ही वाट किती घातक, हे कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजले. सरासरी पुरुषाला सुमारे 16 आणि स्त्रीला सुमारे साडेदहा मिलिअँपिअरपुढे हातातली तार सोडता येत नाही. फ्यूजला तर वितळायला कित्येक अँपिअर लागतात. म्हणजे फ्यूज यंत्राची तार राखतो, माणसाचा जीव राखीलच असे नाही. म्हणून 1961 साली डॅलझील यांनी जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहातला किंचित फरक ओळखून वीज तोडणारे साधन तयार केले. आपल्याकडे घरात 30 मिलिअँपिअरवर तोडणारी तशी कळ बसवितात. काकूंच्या घरची वीज घालवीत होती ती हीच. ती त्रास देत नव्हती, हाक मारीत होती.

आजची यंत्रे स्वतःच पडद्यावर खुणेचे अक्षर दाखवितात. पण ‘पाणी तापत नाही’ एवढेच ते अक्षर सांगते. दोष हीटरचा, तारेचा की तापमान पाहणाऱ्या भागाचा, हे अजून माणसालाच मोजून ठरवावे लागते. मुले मला विचारतात, “गुरुजी, ओहमचा नियम परीक्षेनंतर कशाला लागतो?” मी त्यांना सांगतो, “घरात आईला शॉक बसू नये म्हणून लागतो.” यंदाच्या दिवाळीत माळा लावण्यापूर्वी घरातल्या त्या कळीवरचे चाचणीचे बटण एकदा दाबून पाहा. ती खट्कन पडली, तर शांत मनाने पहिली पणती लावा. न पडली, तर आधी वायरमनला बोलवा.