ओलं फडकं आणि दादांची फियाट



गेल्या महिन्यात पुण्याहून पुतण्याचा फोन आला. त्याने हौसेने १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी विकत घेतली आहे. गाडी दिसायला झकास, पण अर्धा-पाऊण तास चालली की भर रस्त्यात बंद पडते. वीस मिनिटे उभी ठेवली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होते. तिथला तरुण मेकॅनिक म्हणे स्कॅनरची वायर लावायला जागा शोधत होता! शेवटी पुतण्या म्हणाला, "काका, सगळे म्हणतात आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्याचाच हा परिणाम."

मी म्हटले, थांब. पेट्रोलला दोष देण्याची चूक आपल्या घरात एकदा झालेली आहे, आणि ती मीच केली होती.

ती गोष्ट सांगण्याआधी त्या गाडीविषयी थोडे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला. सुरुवात अमेरिकन क्रायसलर कंपनीच्या गाड्यांनी झाली, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ पासूनचे ते गोल नाकाडाचे मॉडेल आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखले जाई. (नाव ठेवण्यात आपला हात कोण धरणार!) १९६४ मध्ये ११०० डी आली, आणि तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघू लागली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा, सगळे जवळजवळ तसेच राहिले. पुढे मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे ती सगळ्या देशाला माहीत झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरात झाली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली.

सांगायचा मुद्दा असा की परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी सहजासहजी मिळत नसे. त्यामुळे एकच गाडी पंचवीस-तीस वर्षे या घरातून त्या घरात फिरायची. जुन्या गाड्या बंद पडायच्याच. म्हणून आमच्या जालन्यासारख्या गावात, जिथे मोटारी मोजक्या होत्या तिथेसुद्धा, इंजिनाची नाडी ओळखणारे मिस्त्री तयार झाले. कोणी शाळेत शिकले नव्हते, पण त्यांची तपासणीची पद्धत चोख असे.

आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, १९८९ मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) एका डॉक्टरांकडून पद्मिनी घेतली. दादांचे आडत दुकान होते. मी मास्तर, माझा वाटा फक्त मागच्या सीटवर बसण्याचा. पहिल्याच उन्हाळ्यात गाडी बंद पडू लागली. बॉनेट उघडायचे, पेट्रोल पंपावर ओले फडके टाकायचे, लिंबाखाली बसायचे. अर्ध्या तासाने गाडी सुरू! तेव्हाच्या प्रत्येक फियाटवाल्याला हा उपाय माहीत होता, डिकीत पाण्याचा डबा आणि फडके ठेवलेलेच असे.

याला आधार नव्हता असे नाही. त्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला. इंजिनाचा कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो, आतला पडदा वरखाली होतो आणि पार मागच्या टाकीतून पेट्रोल ओढले जाते. पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० अंशालाच उकळू लागतो, आणि ओढीमुळे नळीतला दाब कमी झाला की त्याहूनही लवकर. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतच ४२ अंश, मग बॉनेटखाली काय असेल! पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलू शकत नाही, इंजिन उपाशी राहते. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

आता ती गोष्ट. १९९१ च्या मे महिन्यात आईच्या छातीत दुखू लागले म्हणून तिला औरंगाबादला नेत होतो. साठ किलोमीटरचा रस्ता. बदनापूर ओलांडले आणि गाडी बंद. फडके टाकले, पाणी ओतले. आई मागे घामाने निथळत पडलेली. त्या पाऊण तासाबद्दल मला फार लिहवत नाही. शेवटी एसटीच्या एका चालकाने बस थांबवली, लोकांनी आईला उचलून पुढच्या बाकावर ठेवले. आई वाचली, पुढे नऊ वर्षे जगली. पण डॉक्टर म्हणाले होते, उशीर झाला असता तर कठीण होते.

परत आल्यावर माझा राग निघाला तो आम्ही जिथे पेट्रोल भरत असू त्या पंपमालकावर. त्या काळी रॉकेलची भेसळ सर्रास होई, हे खरेच. मी चारचौघांत त्यांना म्हणालो, "तुमच्या भेसळीने माझी आई जाता जाता वाचली." ते काही बोलले नाहीत. त्यांचा मुलगा माझ्या नववीच्या वर्गात होता. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या तासाला खाली मान घालून बसू लागला. आम्ही पेट्रोलसाठी दुसरा पंप धरला. गाडी मात्र बंद पडतच राहिली. तरी माझे डोळे उघडले नाहीत.

उघडले ते डिसेंबरात. हुरड्याला अंबड रस्त्याने निघालो होतो. सकाळचे आठ, अंगात स्वेटर, आणि गाडी बंद! दादांनी सवयीने फडके काढले. वीस मिनिटांनी गाडी सुरूही झाली. आता मात्र मला शंका आली. इतक्या थंडीत पेट्रोल उकळते कसे?

दादांनी एका वयस्कर मिस्त्रींना गाठले. ते म्हणाले, "सर, चालू गाडीत मी काय बघू? बंद पडलेली दाखवा." मग ते स्वतःच गाडीत बसून आले, ती बंद पडेपर्यंत आमच्याबरोबर फिरले. पडल्यावर पहिला प्रश्न, "आचके देत गेली की दिवा विझल्यासारखी?" पेट्रोल कमी पडले तर गाडी आचके देते, जोर जातो, मग मरते. करंट तुटला तर एका क्षणात गप्प. दादा म्हणाले आचके दिले, मी म्हणालो एकदम विझली! दोन साक्षीदार एकाच गाडीत बसून दोन साक्षी देतात, हे इतिहास शिकवणाऱ्या माणसाला नवे नव्हते.

मिस्त्रींनी आमच्या दोघांच्याही साक्षीवर विश्वास ठेवला नाही. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरली आणि सेल्फ मारायला सांगितला. पेट्रोल भरपूर आले. नळी परत घट्ट बसवली, सांडलेले पुसून वाळू दिले (हे न करता ठिणगी पाहू नये, गाडी पेटेल). मग कॉइलची मधली वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरले. खणखणीत निळी ठिणगी यायला हवी, आली मरतुकडी पिवळी. "डेल्को खोला," म्हणाले. आतले पॉइंट काळे पडलेले होते.

हा डेल्को शब्द मला फार आवडतो. आपले मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात, पण तो शब्द आला अमेरिकेतल्या एका कंपनीच्या नावावरून. चार्ल्स केटरिंगने १९०९ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन गावी ती काढली, आणि कॅडिलॅक गाडीसाठी बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची व्यवस्था बसवली. (हे गृहस्थ आधी शाळामास्तर होते, म्हणून जरा जास्त आपुलकी!) पॉइंट उघडले की कॉइलमधला बारा व्होल्टचा प्रवाह तुटतो आणि त्या झटक्याने हजारो व्होल्टची ठिणगी प्लगवर पडते. प्रवाह तुटताना पॉइंटवरच ठिणगी उडू नये म्हणून तिथे बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो कमजोर झाला की थंड असताना काम करतो, इंजिन तापले की दगा देतो. इंजिन डिसेंबरातही तापतेच. आणि गाडी उभी राहिली की तो पुन्हा निवतो.

आमचा कंडेन्सर गेला होता. मिस्त्रींनी चहाच्या चार-पाच कपांच्या किमतीत तो बदलला, पॉइंट घासून त्यांतले अंतर लावले. त्यानंतर गाडी तशी कधी बंद पडली नाही, मे महिन्यातसुद्धा.

म्हणजे दोन वर्षे गाडी सुरू करीत होता तो अर्धा तास, आणि श्रेय घेत होते फडके! वाफ असती तरी ती थांबल्याने निवली असती. टाकीच्या तळाचा गंज नळीच्या तोंडाशी ओढला जाऊन अडकला असता, तरी इंजिन थांबल्यावर तो सुटून खाली बसला असता. कारणे वेगवेगळी, पण थांबणे सगळ्यांनाच लागू पडते. त्यामुळे कुठल्याही फियाटवाल्याचा उपाय कधी खोटा ठरला नाही, आणि निदान खरे की खोटे हे कोणी तपासले नाही.

मी त्या पंपमालकांकडे गेलो. जायला मला दोन महिने लागले, तेही लिहून ठेवतो. सगळे सांगितले. त्यांनी चहा मागवला, आणि म्हणाले, "सर, तुम्ही चारचौघांत बोलला होता." इतकेच. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, गिऱ्हाइके उभी असताना, आणि तेच सगळे मोठ्याने सांगितले. मुलगा तेव्हा दहावीची तयारी करत होता. तो आज जालन्यातच असतो, दिवाळीला येऊन जातो.

पुढे २००० च्या सुमारास कार्बोरेटर आणि पॉइंट दोन्ही नव्या गाड्यांतून गेले, बिघाड सांगायला कंप्युटर आला. पुतण्याच्या पद्मिनीला तो कुठून असणार? म्हणून त्याला फोनवरच मिस्त्रींची रीत सांगितली. इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना आणि पंपाच्या पडद्याला सोसत नाही हे खरे आहे, ते बदलून घेच. पण आधी गाडी जिथे बंद पडेल तिथेच बघ.

रविवारी त्याचा फोन आला. ठिणगी निळी होती. पेट्रोल मात्र येत नव्हते. मी म्हटले, टाकीचे झाकण उघड. त्याने फोन चालू ठेवूनच उघडले, आणि हवा आत ओढल्याचा 'सुर्रर्र' आवाज मला इथे जालन्यात ऐकू आला. आधीच्या मालकाने कुठले तरी दुसरेच झाकण बसवले होते, हवेच्या भोकाशिवाय. पेट्रोल संपत जाई तशी टाकीत पोकळी होई आणि पंपाला पेट्रोल ओढवत नसे. उभी राहिली की फटीतून हवा हळूहळू शिरे आणि गाडी चालू होई.

आता तो जुन्या बाजारात पद्मिनीचे मूळ झाकण शोधतो आहे. कोणाकडे पडलेले असेल तर जरूर कळवा.