दगडी जोत्यावरचे खांब

नॉर्वेतल्या उर्नेस गावच्या लाकडी चर्चच्या उत्तर भिंतीवर एकमेकांत गुंतलेल्या प्राण्यांचे कोरीवकाम आहे. चर्च बाराव्या शतकातले, साधारण ११३०च्या सुमाराचे. कोरीवकाम मात्र त्याआधीच्या शतकातले. जुने चर्च गेले, पण त्याच्या कोरीव फळ्या नव्या भिंतीत जपून बसवल्या गेल्या. आपण आणखी मागे गेलो, तर त्याहून साधी चर्चे दिसतात. त्यांचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत आणि ओलीने बुंध्याशी कुजत. मग कोणा अनाम सुतारांनी दगडी जोत्यावर आडव्या तुळया टाकून त्यांवर खांब उभे केले. शतकानुशतकांचे आयुष्य या एका बदलाने मिळाले, असे मला वाटते. पाइनच्या लाकडापासून काढलेले डांबर वेळोवेळी फासले, की वरचे लाकूडही टिके.

१३४९च्या प्लेगने दऱ्याखोऱ्यांतल्या असंख्य शेतवाड्या ओस पाडल्या आणि पुष्कळ चर्चांना माणसेच उरली नाहीत. १५३७च्या धर्मसुधारणेनंतर प्रवचनाला महत्त्व आले. अंधाऱ्या गाभ्यात बाक, व्यासपीठ आणि खिडक्या आल्या. रविवारी प्रार्थना आटोपली, की सरकारी फर्मानांपासून लिलावापर्यंतच्या सूचना चर्चबाहेर वाचल्या जात. दूरदूरच्या वाड्यांवरची माणसे एकत्र भेटत ती इथेच. पुढे लोकसंख्या वाढली. लोमच्या लोकांनी सतराव्या शतकात आपल्या चर्चला दोन्ही बाजूंनी पाखे जोडून ते क्रुसाच्या आकाराचे केले.

घाव बसला तो १८५१च्या कायद्याने. चर्चमध्ये परगण्यातल्या दहांपैकी तीन माणसांना तरी जागा हवी, असा नियम झाला आणि लहान चर्चे भराभर पाडली गेली. त्याआधीच, १८४१मध्ये, वांगचे चर्च लिलावात निघाले होते. चित्रकार योहान क्रिस्तियान दाल यांच्या खटपटीने ते प्रशियाच्या राजाकडे गेले. आज ते पोलंडमधल्या कार्पाच येथे उभे आहे. दाल यांच्याच पुढाकाराने १८४४मध्ये प्राचीन वास्तू जपणारी संस्था निघाली. बोर्गुंडला शेजारी नवे चर्च झाल्यावर निकामी ठरलेले जुने चर्च तिने १८७७मध्ये विकत घेतले.

एके काळी अशी चर्चे हजाराच्या घरात असावीत. नॉर्वेत आज अठ्ठावीस उरली आहेत. बोर्गुंडला आता प्रवासी तिकीट काढून आत जातात. लोममध्ये मात्र गावातली लग्ने आणि बाप्तिस्मे अजूनही त्याच चर्चमध्ये होतात.