एकच प्रत

परवा व्याऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आजीच्या त्या गोष्टी तुझ्याकडे आहेत ना? पोरं विचारतात." मी "हो हो, आहेत" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ गप्प बसलो. खरं उत्तर 'अर्ध्याच आहेत' असं होतं.

आमचं गाव चिंचपाडा, सुरत-भुसावळ रेल्वेवरचं नवापूरच्या पुढचं छोटं स्टेशन. आजी घरात मावची बोलायची. तिच्या १८ गोष्टी मी २००५ साली कॅसेटवर घेतल्या आणि मग संगणकात उतरवल्या. थोडे पैसे भरून इंटरनेटवर जागा घेतली आणि तिथेही चढवल्या. शहाणपणा म्हणून 'बॅकअप' नावाचा एक फोल्डर केला, तोही त्याच सर्व्हरवर! कॅसेटींवर पोरांनी लग्नातली गाणी भरली. मी काही बोललो नाही, म्हटलं संगणकात आहेच की.

२०११ साली हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली आणि दोन दिवसांत बंद पडली. म्हटलं, साइटवरून उतरवून घेऊ. तर साइटही नाही. नूतनीकरणाची आठवण मी कधीच न उघडणाऱ्या एका जुन्या ईमेलवर येत राहिली होती. चूक माझीच. शेवटी कामाला आली ती २००८ साली एका लग्नात भावाला सहज दिलेली सीडी. तिच्यातल्या १० गोष्टी वाजल्या, ८ गेल्या. आजी तोवर गेली होती.

तेव्हापासून एक खोड लागली आहे. जुनं काही टिकलेलं दिसलं की मी विचारतो, हे टिकलं कसं?

सगळ्यात आधी आठवतात ते तुकोबा. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण वारकऱ्यांमध्ये आणखी एक गोष्ट सांगतात. वह्या बुडाल्या तरी अभंग बुडाले नाहीत, कारण ते लोकांच्या तोंडी होते. यातलं काय कसं घडलं यावर मी वाद घालणार नाही. पण एवढं नक्की की १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या मदतीनं गाथा छापली गेली, तेव्हा संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या पोथ्या ताडून पाहिल्या. म्हणजे एकाच गाथेच्या प्रती चार गावांत, चार घरांत होत्या. एक वही बुडाली तर बुडाली!

दुसरे आमच्या खानदेशाशी नातं असलेले इतिहासाचार्य राजवाडे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यातच होतो, म्हणून हा माणूस मला शेजारचा वाटतो. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी खात पडलेली दफ्तरं धुंडाळली, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे २२ खंड छापले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले, आणि १९२७ मध्ये तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मला त्यांचं मोठेपण कागद जमवण्यापेक्षा छापण्यात दिसतं. कपाटातला कागद एकच असतो. छापला की तो शेकडो घरांत, ग्रंथालयांत जातो.

राजवाड्यांच्या कामात आणखी एक धडा आहे. ते कागद मोडीत होते. आज मोडी कागद ढीगभर आहेत, वाचणारे मूठभर. कागद जपला पण वाचता येत नाही, तर जपून काय उपयोग? हसू नका मंडळी, आपणही हेच केलं आहे. शिवाजी, शुषा, किरण या फॉन्टांत लिहिलेली जुनी पानं आठवा. तो फॉन्ट नसेल तर स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. वीस वर्षांत आपण आपली स्वतःची मोडी तयार केली! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासूनच होती. आपण तिकडे उशिरा वळलो.

तिसरी गोष्ट जरा मनाला लागणारी. ग्रियर्सनसाहेबांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा भिल्ली आणि खानदेशी बोलींवरचा खंड १९०७ साली छापून आला. त्यात मावचीचाही नमुना आहे. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ते प्रत्येक बोलीत उतरवून घेत, तशी ती मावचीतही घेतली. कुणी सांगितली, कुणी लिहिली, कोण जाणे. पण शंभराहून जास्त वर्षांनंतर मी ती घरबसल्या वाचू शकतो. आणि २००५ साली माझ्यासमोर बसून आजीनं सांगितलेल्या ८ गोष्टी मी ऐकू शकत नाही. साहेबाच्या गोष्टीच्या पुष्कळ प्रती होत्या, आजीच्या गोष्टींवर मी विसंबून राहिलो.

'मोठ्या कंपनीकडे दिलंय, आता चिंता नाही' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा अलीकडचा इतिहास. जिओसिटीजवर एके काळी लाखो लोकांची घरं होती. याहूनं ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. जे काही वाचलं ते धावपळ करून उतरवून घेणाऱ्या हौशी लोकांमुळे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. मायस्पेसनं २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर बदलताना बारा वर्षांची गाणी गेली. आणि १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच कंपनीच्या इमारतीला आग लागली, लाखो साइट बंद पडल्या. त्यात काहींचा बॅकअपही तिथेच होता. हे वाचून मला माझा फोल्डर आठवला.

तर आता मी काय करतो ते सांगतो. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं एक सोपा नियम लोकप्रिय केला: ३-२-१. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावात. माझ्याकडे एक प्रत संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर (ती कॉपी झाली की काढून ठेवतो, सतत जोडलेली ठेवली तर व्हायरस दोन्ही खातो), आणि एक इंटरनेटवर. दुसऱ्या गावाचं महत्त्व आम्हाला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीचं पाणी नवापुरात घरांत शिरलं होतं. घरात तीन डिस्क असत्या तर तिन्ही भिजल्या असत्या.

साइट असेल तर डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि साइटची प्रत दर महिन्याला घरी उतरवा. मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाइलमध्येही ठेवा. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, प्रत उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे माझी सीडी: लागेपर्यंत वाटतं की सगळं आहे.

असो. काल भावाला पुन्हा फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, "दादा, त्यातल्या दोन-तीन आत्याला पाठ आहेत."

पुढच्या रविवारी व्याऱ्याला जातोय. रेकॉर्डर घेऊन आणि चार पेन ड्राइव्ह घेऊन. नातेवाईक मंडळी, त्यातला एकेक तुमच्याकडे येणार आहे. नीट ठेवा, आणि त्याहून बरं म्हणजे, पोरांना ऐकवा.